एमबीबीएससोबत सार्वजनिक आरोग्याची पदवी: खान्देशातल्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धुळ्याचं भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय, एसीपीएम, जळगावचं शासकीय आणि उल्हास पाटील महाविद्यालय, आणि २०२० मध्ये सुरू झालेलं नंदुरबारचं शासकीय महाविद्यालय. इथल्या मुला-मुलींकडून एमपीएचबद्दल, म्हणजे ‘मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ’बद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही प्रश्न पालकांचे आहेत. उत्तरांत माझी मतंही येतील, आणि ती मतं आहेत हे वाचताना कळेलच.

एमबीबीएस करता करता एमपीएच करता येतं का? अमेरिकेत म्हणे दोन्ही एकत्र होतं.

आपल्याकडे नाही. एमपीएच ही पदव्युत्तर पदवी आहे आणि तिच्या प्रवेशासाठी हातात पदवी लागते. आपल्या एमबीबीएसमध्ये साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. इंटर्नशिप पूर्ण झाल्याशिवाय नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ पदवी देत नाही. त्यामुळे तिसऱ्या वर्षात असताना कुणी ‘ॲडमिशन करून देतो’ म्हणालं तर तिथूनच परत फिरा.

इंटर्नशिपच्या शेवटच्या महिन्यांत अर्ज मात्र करता येतो. बहुतेक संस्था ‘सत्र सुरू होण्याआधी इंटर्नशिप संपलेली हवी’ एवढीच अट घालतात. नापास होऊन तुमची बॅच मागे पडली असेल तर तारखा नीट जुळवा. चांगला मुलाखतीचा कॉल केवळ दोन आठवड्यांच्या फरकाने हातचा जाऊ शकतो.

मग अमेरिकेत ते कसं जमवतात?

तिथली रचनाच वेगळी आहे. तिथे आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल. म्हणजे मेडिकलला जाणाऱ्या मुलाकडे एक पदवी असतेच, आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमाला अडचण येत नाही. बहुतेक ठिकाणी तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या मध्ये एक वर्ष सार्वजनिक आरोग्यासाठी काढतात, म्हणजे एकूण पाच वर्षं. मायामी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी तर दोन्ही मिळून चारच वर्षांत बसवतात. हे शक्य होतं ते श्रेयांकांमुळे, म्हणजे क्रेडिट्समुळे. तिथे एमपीएचला किमान ४२ श्रेयांक लागतात, आणि मेडिकलमध्ये केलेल्या कामाचे काही श्रेयांक दोन्हीकडे धरले जातात.

ब्रिटनमध्ये तिसरा प्रकार. मेडिकलच्या मधल्या टप्प्यात विद्यार्थी एक वर्ष बाहेर पडतो, दुसऱ्या विषयात पदवी घेतो आणि परत वर्गात येऊन बसतो. काही विद्यापीठांत या एका वर्षात सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्सही करता येते.

आपल्या नियमांत असं मधलं वर्ष नाही. एमबीबीएसचे टप्पे एकामागून एक ठरलेले आहेत, आणि प्रवेशापासून नऊ वर्षांच्या आत सगळं उरकायचं असतं. ‘एक वर्ष ड्रॉप घेऊन एमपीएच’ ही कल्पना म्हणूनच इथे लागू होत नाही.

यूजीसीने तर २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली ना?

दिली. पण ती दोन पदवी अभ्यासक्रमांना किंवा दोन पदव्युत्तर अभ्यासक्रमांना, म्हणजे ज्याची पात्रता तुमच्याकडे आधीच आहे त्याला. बारावीच्या बळावर एमपीएचला बसता येत नाही, मग नियम कितीही सैल होवो. शिवाय व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्या-त्या परिषदेचे नियम वेगळे लागतातच.

ऑनलाइन एमपीएचच्या जाहिराती फार फिरतात म्हणून इथेच सांगून टाकते. घरबसल्या, परीक्षा सोपी, ‘डब्ल्यूएचओमध्ये संधी’. पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत ती संस्था आणि तोच अभ्यासक्रम, दोन्ही आहेत का ते बघा. २०२५ मध्ये यूजीसीने मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पोषण व आहारशास्त्र असे आरोग्याशी जोडलेले काही विषय दूरस्थ पद्धतीने शिकवणं बंद केलं, तेव्हा या क्षेत्रात जुन्या माहितीवर विसंबू नये. मान्यता असली तरी माझं मत बदलत नाही: गावात न जाता सार्वजनिक आरोग्य शिकणं मला पटत नाही.

एमडी पीएसएम करू की एमपीएच?

खरा प्रश्न हाच आहे. ‘दोन्ही एकत्र’ हा प्रश्न फिरून फिरून इथेच येतो.

एमडी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे आपण ज्याला अजून पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतो, ती तीन वर्षांची आहे. प्रवेश नीट-पीजीतून. पूर्ण वेळ निवासी डॉक्टर म्हणून काम, दरमहा विद्यावेतन, आणि नावापुढे एमडी. मेडिकल कॉलेजात या विषयाचा अध्यापक व्हायचं तर मुख्य रस्ता एमडी किंवा तिच्या तोडीच्या डीएनबीचाच. या शाखेकडे गर्दी कमी असते, त्यामुळे मेडिसिन किंवा रेडिऑलॉजीची रँक नसलेल्यांनाही जागा मिळते. त्याचा एक तोटाही आहे. ‘दुसरं काही मिळालं नाही म्हणून’ आलेले बरेच जण तीन वर्षं कुढत काढतात.

एमपीएच दोन वर्षांची. नीट-पीजी लागत नाही. प्रत्येक संस्थेची प्रवेशाची पद्धत वेगळी, बऱ्याच ठिकाणी फी आपण भरायची, आणि वर्गात तुमच्या शेजारी दंतवैद्य, परिचारिका, समाजकार्य शिकलेली मुलगी, कधी पशुवैद्यही बसलेला असतो. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. एमबीबीएसची साडेपाच वर्षं आपण डॉक्टरांच्याच घोळक्यात असतो. हगवणीची साथ आली की आपल्याला ओआरएस आणि सलाईन सुचतं. शेजारची समाजकार्यवाली विचारते, पाणी कुणाच्या विहिरीचं आणि त्या विहिरीवर कुणाला भरू देत नाहीत?

मग निवड कशी करायची? कॉलेजात शिकवायचं असेल, सरकारी सेवेत तज्ज्ञ म्हणून राहायचं असेल, किंवा घरची परिस्थिती अशी असेल की दोन वर्षं फी भरून बिनपगारी राहता येणार नाही, तर एमडी. कार्यक्रम चालवायचे असतील, संशोधन प्रकल्पात किंवा संस्थांमध्ये जायचं असेल, धोरणाकडे ओढा असेल, तर एमपीएच. दोन्ही केलेलेही आहेत. पण आधी एमडी आणि लगेच एमपीएच करण्यात अभ्यासक्रमाचा बराच भाग दुसऱ्यांदा शिकावा लागतो, तेव्हा मध्ये काम झालेलं असलं तरच त्यात अर्थ.

एक गैरसमज: एमपीएच केल्याने कुणी ‘स्पेशालिस्ट’ होत नाही. दवाखान्याच्या पाटीवर ते लिहून फी वाढवता येत नाही.

दोन वर्षं शिकवतात तरी काय? पीएसएम तर तिसऱ्या वर्षात होऊन गेलेलं असतं.

पीएसएमची आपली आठवण म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ केलेली लसीकरणाची वेळापत्रकं आणि संडासाच्या आकृत्या. एमपीएचमध्ये साथरोगशास्त्र, जैवसंख्याशास्त्र, आरोग्य व्यवस्थापन, आरोग्याचं अर्थशास्त्र, पर्यावरण, समाजशास्त्र आणि शेवटी प्रबंध असतो. नावं कोरडी वाटतील, म्हणून आपल्याकडच्याच दोन गोष्टी घेऊ.

फेब्रुवारी २००६. नवापूर. देशात पक्ष्यांमध्ये एच५एन१ बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो आपल्या नवापूरच्या पोल्ट्रीत. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. तेव्हा पशुसंवर्धन खात्याइतकंच काम आरोग्य खात्याला होतं. घरोघरी जाऊन ताप-खोकल्याचे रुग्ण शोधायचे, कोंबड्या मारणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवायचं, नमुने घ्यायचे, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे पाठवायचे, आणि अफवा आवरायच्या. माणसांत लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा बर्ड फ्लू आला. आता विचार करा: किती किलोमीटरच्या परिघात सर्वेक्षण करायचं? ‘संशयित रुग्ण’ कुणाला म्हणायचं? पोल्ट्रीवाल्याला भरपाई मिळणार नाही असं वाटलं तर तो मेलेल्या कोंबड्यांची खबर देईल का? पहिला प्रश्न साथरोगशास्त्राचा, दुसरा व्याख्येचा, तिसरा अर्थशास्त्राचा. तिन्ही एकाच सकाळी सोडवावे लागतात.

दुसरी गोष्ट सिकलसेल, तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. सातपुड्यात काम केलेल्या प्रत्येकाला हा आजार माहीत आहे. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे पहिल्या वर्षातलं जनुकशास्त्र. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली. बोटातून रक्त काढून विद्राव्यता चाचणी करणं सोपं आहे. अवघड त्यापुढे. चाचणी पॉझिटिव्ह आली की पक्क्या निदानासाठी दुसरी तपासणी लागते. तिचा निकाल येईपर्यंत कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलेलं असतं. निकालाचं कार्ड उपकेंद्राच्या कपाटात पडून राहतं. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध जिल्ह्याला आहे, धडगावच्या पाड्यावर नाही. आणि कार्डावर ‘वाहक’ शब्द दिसला की मुलीचं लग्न मोडतं. तपासलेल्यांपैकी किती जण कोणत्या पायरीवर गळतात हे मोजायला शिकवणं, आणि मग ती गळती कुठे बुजवली तर सगळ्यात जास्त फायदा होईल हे ठरवायला शिकवणं, म्हणजे एमपीएच.

माझं गणित कच्चं आहे. संख्याशास्त्र झेपेल?

झेपेल. एक उदाहरण करून बघा. समजा एखाद्या गावात १००० लोक आहेत आणि त्यातल्या १० जणांना एक आजार आहे. चाचणी ९५ टक्के अचूक आहे, आजारी ओळखण्यातही आणि निरोगी ओळखण्यातही. सगळ्यांची चाचणी केली. ज्यांची पॉझिटिव्ह आली त्यांच्यातल्या किती जणांना खरंच आजार असेल? बहुतेक जण ९५ टक्के म्हणतात. प्रत्यक्षात १० पैकी नऊ-दहा आजारी सापडतात, पण ९९० निरोगी लोकांतले जवळपास ५० जण चुकून पॉझिटिव्ह येतात. म्हणजे साठेक पॉझिटिव्हमध्ये खरे आजारी दहाच, सहातला एक. हे आठवीचं शेकडेवारीचं गणित आहे. बाकीचं काम संगणक करतो. आर हे सॉफ्टवेअर आणि एपी इन्फो फुकट मिळतात, सुट्टीत हात बसवून ठेवा.

एमपीएच कुठे करावं?

सगळी यादी देत नाही, जी नावं मी स्वतः धाकट्या भावंडांना सांगेन ती देते. त्रिवेंद्रमचं अच्युत मेनन केंद्र, श्री चित्रा तिरुनाल संस्थेतलं. देशातला एमपीएच अभ्यासक्रम १९९७ मध्ये तिथे सुरू झाला आणि आरोग्यातल्या विषमतेकडे बघायची नजर तिथे अजून तीक्ष्ण आहे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था: घराजवळ, फील्डवर्क भक्कम, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीधराला दार उघडं. चेन्नईची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्था: फील्डवर राहून शिकण्यावर भर, साथीचा तपास करायला आवडत असेल तर हीच. चंदीगडच्या पीजीआयचं स्कूल ऑफ पब्लिक हेल्थ. गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था, नंदुरबारकरांना मुंबईइतकीच सोयीची. कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून आहे. पुणे विद्यापीठातही हा अभ्यासक्रम आहे.

संस्था निवडताना इमारत बघू नका. मागच्या दोन बॅचचे प्रबंध कुठल्या विषयांवर होते ते विचारा. सगळे प्रबंध ‘कॉलेजच्या विद्यार्थ्यांमधील मोबाइल वापर’ छापाचे असतील तर समजून जा.

इंटर्नशिप संपल्यावर लगेच करू की थांबू?

थांबा. या पानावर माझं सगळ्यात ठाम मत हेच.

शासकीय महाविद्यालयातून शिकलात तर बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, एक वर्ष तसंही आहे; ते न केल्यास १० लाख रुपये भरावे लागतात. (बाँडचे तपशील बदलत असतात, आपल्या बॅचचा शासन निर्णय काढून वाचा. मित्राने सांगितलेलं ऐकू नका.) पुष्कळ जण ते वर्ष नीट-पीजीच्या तयारीत काढतात. खुर्ची प्राथमिक आरोग्य केंद्राची आणि डोळे मोबाइलवरच्या प्रश्नसंचात. तो त्यांचा निर्णय आहे. पण सार्वजनिक आरोग्याकडे जायचं असेल तर हे वर्ष म्हणजे एमपीएचचं पहिलं वर्ष समजा, तेही पगारी.

अक्कलकुवा किंवा धडगावच्या केंद्रात नेमणूक घ्या. आदिवासी आणि डोंगरी भागात एका प्राथमिक आरोग्य केंद्रामागे २० हजार लोकसंख्या आणि एका उपकेंद्रामागे ३ हजार, असा निकष आहे. सपाटीवर तोच ३० हजार आणि ५ हजार. कागदावर डोंगराला झुकतं माप आहे. आता नकाशा घ्या आणि त्या ३ हजार लोकांचे पाडे किती टेकड्यांवर विखुरले आहेत ते बघा. एएनएम ताई (उपकेंद्राची आरोग्यसेविका) एका दिवसात दोन पाडे करू शकते की एक? बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायला किती वेळ लागतो? सरदार सरोवराच्या फुगवट्याकाठच्या गावांना बोटीतून औषधं न्यावी लागतात, पावसाळ्यात त्या बोटीचं काय होतं? हे प्रश्न ज्याच्या अंगावरून गेले आहेत त्याला वर्गातला ‘सेवेची उपलब्धता’ हा धडा वेगळाच दिसतो. कोऱ्या मनाने एमपीएचला गेलेला विद्यार्थी व्याख्या लिहून घेतो, एवढाच फरक.

महाराष्ट्रातल्या ज्या डॉक्टर जोडप्यांची नावं आपण या संदर्भात घेतो त्यांचा क्रमही हाच होता. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी आधी वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम केलं, मग जॉन्स हॉपकिन्सला एमपीएच, आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू. अभय आणि राणी बंग यांनी एमडीनंतर वर्धा जिल्ह्यातल्या खेड्यांत काम केलं, मग तेही जॉन्स हॉपकिन्सला गेले, आणि परत येऊन गडचिरोली. घरोघरी नवजात बालसेवेचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला: ३९ गावांत नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली. आज आपल्या पाड्यावरची आशा ताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळाचं वजन करते आणि तापमान बघते, त्याची मुळं त्या कामात आहेत. दोन्ही जोडपी प्रश्न सोबत घेऊन परदेशी शिकायला गेली होती.

उलट बाजूही सांगते. फार थांबलात तर संसार, कर्ज, बदल्या यांत राहून जातं. दोन ते चार वर्षं बरी. सरकारी सेवेत कायम झालात तर अध्ययन रजेची तरतूद आहे, पण कुठलीच रजा हक्क म्हणून मागता येत नाही, आणि तुमच्या जागी येणारा दुसरा डॉक्टर नसेल तर फाईल किती दिवस फिरेल हे सांगायला नको.

आत्ता दुसऱ्या वर्षाला आहे. तोपर्यंत काय करू?

२०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबं घ्यायची आणि एमबीबीएसभर त्यांच्याकडे जायचं. बहुतेक बॅचेस बसमधून उतरतात, बीपी मोजतात, फोटो काढतात, परत येतात. तुम्ही त्याच कुटुंबांची साधी वही ठेवा. कोण कधी आजारी पडलं, आधी कुणाकडे गेलं (भगताकडे, मेडिकलवाल्याकडे की केंद्रात), किती पैसे गेले, ते कुणाकडून आणले. तीन-चार वर्षांची अशी वही पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत दहा प्रमाणपत्रांना भारी पडते.

आयसीएमआरची अल्पकालीन संशोधन विद्यार्थिवृत्ती, जिला सगळे एसटीएस म्हणतात, तिला अर्ज करा. दोन महिन्यांचा प्रकल्प, तुमच्याच कॉलेजातला मार्गदर्शक. विषय स्थानिक घ्या. जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत केळीच्या बागेत घड उतरवणाऱ्या मजुरांना दुपारी काय होतं, यावर मुंबईच्या विद्यार्थ्याला काम करता येणार नाही, तुम्हाला येईल.

आणि इंटर्नशिपमधले कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे. त्यांना ‘सुट्टीची पोस्टिंग’ म्हणण्याची पद्धत आहे. निदान एक आठवडा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात बसायची परवानगी मागा. अहवाल उपकेंद्रातून तालुक्याला आणि तालुक्यातून जिल्हा परिषदेत कसा चढतो, चढताना आकडे कसे ‘दुरुस्त’ होतात, ते कुठल्याच पुस्तकात नाही.

मी बीएएमएस करते आहे (बीडीएस, बीएचएमएस, नर्सिंगवालेही विचारतात). मला चालेल का?

हो. बहुतेक एमपीएच अभ्यासक्रमांना तुम्ही पात्र आहात. काही पदांच्या जाहिरातींत मात्र ‘एमबीबीएससह’ असं लिहिलेलं असतं, ते आधी तपासा. सरकारी आरोग्य कार्यक्रमांत बीएएमएस डॉक्टरांनी डोंगरात जे काम केलं आहे ते पाहता तुमच्या अनुभवाला कुणी कमी लेखण्याचं कारण नाही.

नोकरी काय मिळते? पैसा किती?

आकडा सांगत नाही, कारण पदापदागणिक तो फार बदलतो. स्वरूप सांगते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात जिल्हा पातळीवर साथरोगतज्ज्ञ आणि कार्यक्रम व्यवस्थापक अशी पदं असतात. ती कंत्राटी, ११ महिन्यांची, पुढे नूतनीकरण. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोलिओ सर्वेक्षण प्रकल्पातून, जो १९९७ मध्ये सुरू झाला, सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसर घेतले जातात. गाडीत बसून जिल्हे पालथे घालायची तयारी हवी. आयसीएमआरचे प्रकल्प, युनिसेफसारख्या संस्थांचे सल्लागार, महापालिकांचा आरोग्य विभाग, स्वयंसेवी संस्था. दिल्लीच्या राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा साथतपासाचा प्रशिक्षण कार्यक्रम २०१२ पासून आहे, तोही लक्षात ठेवा.

चौकात चांगला चालणाऱ्या दवाखान्याइतकी कमाई यात सहसा होत नाही. कंत्राटी नोकरीत पुढच्या वर्षीचा भरवसा नसतो, आणि होम लोन मागायला गेलं की बँकेतला साहेब कंत्राटाचा कागद उलटसुलट करून बघतो. हे गृहीत धरूनच या.

घरचे विचारतात, ‘दवाखाना कव्हय टाकशी?’ त्यांना काय सांगू?

वडिलांनी कापसाच्या आणि केळीच्या पैशांतून फी भरली असेल तर त्यांचा प्रश्न रास्त आहे. गावात डॉक्टर म्हणजे दवाखाना, पाटी, रांग. जिल्हा परिषदेत बसून तक्ते करणारा डॉक्टर त्यांनी पाहिलेला नाही. भाषण देऊ नका. जिल्हा आरोग्य अधिकारी हेही डॉक्टरच असतात आणि अख्ख्या जिल्ह्याची आरोग्य केंद्रं त्यांच्या हाताखाली असतात, एवढं सांगितलं तरी नाना थोडे नरमतात. कोविडच्या काळात कलेक्टरांच्या शेजारी बसून रोजचे आकडे सांगणारे डॉक्टर टीव्हीवर दिसायचे, त्यांची आठवण करून द्या. आणि किती वर्षं, किती खर्च, मग काय, हे कागदावर मांडून दाखवा. शेतकरी माणसाला हिशेब पटतो.

मुलींसाठी एक जादा वाक्य: ‘पीएसएम-एमपीएच बरं, नाईट ड्युटी नाही, संसार सांभाळता येतो’ असं सांगणारे नातेवाईक भेटतील. त्यांना डोंगरातल्या साथीच्या काळातल्या रात्री माहीत नसतात.

रुग्ण तपासणं सुटून जाईल का?

ठरवलं तर सुटत नाही. तुमची एमबीबीएसची नोंदणी कायम असते, आठवड्यातून एक-दोन दिवस ओपीडी करणारे बरेच जण आहेत. पण संपूर्ण वेळ कार्यक्रमाचं काम घेतलं की पाच वर्षांनी हात बोथटतो, हेही खरं. ज्यांना स्टेथोस्कोपशिवाय चैन पडत नाही त्यांनी फॅमिली मेडिसिनचा विचार करावा.

परदेशी जायचं झालं तर शिष्यवृत्त्या कोणत्या?

फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपमध्ये सार्वजनिक आरोग्य हा विषय आहे. तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर मायदेशी परतावं लागतं. ब्रिटनच्या चेव्हनिंगला दोन वर्षांचा अनुभव लागतो. बघा, दोन्हीकडे पुन्हा ‘आधी काम’ आहेच. जे. एन. टाटा एन्डोमेंट कर्ज-शिष्यवृत्ती देते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या आदिवासी विकास विभागाची आणि केंद्राची, अशा वेगळ्या योजना आहेत. नंदुरबारची जवळपास ७० टक्के लोकसंख्या आदिवासी आहे, तरी या योजनांची माहिती आश्रमशाळेतून मेडिकलला पोचलेल्या मुलांपर्यंत जात नाही. आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात जाऊन विचारा, दोनदा विचारा.

अमेरिकेत एमपीएच केलं म्हणून तिथे डॉक्टरकी करता येत नाही. त्यासाठी यूएसएमएलई ही परवाना परीक्षा आणि रेसिडेन्सी हा वेगळा मार्ग आहे.

मला अहिराणी येते, पावरी-भिलोरी येत नाही. सातपुड्यात काम जमेल?

सहा महिन्यांत कामापुरती येते. आशा ताईंकडून शिका. दुखणं, ताप, पोट, पाळी, पाणी, एवढ्या शब्दांपासून सुरुवात करा. दुभाषा नेहमी पुरुषच असेल तर बायका पाळीबद्दल आणि गर्भपाताबद्दल काहीच सांगत नाहीत, हे आधीच ध्यानात ठेवा.

प्रवेश अर्जात उद्देशपत्र मागतात. त्यात काय लिहायचं?

‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड’ हे पहिलं वाक्य खोडा. परीक्षकांनी ते त्याच दिवशी बऱ्याचदा वाचलेलं असतं. त्याऐवजी एक प्रश्न लिहा, जो तुम्हाला केंद्रात किंवा पाड्यावर पडला आणि ज्याचं उत्तर तुम्हाला शोधता आलं नाही. उदाहरणार्थ: ‘आमच्या केंद्रातल्या पोषण पुनर्वसनाला पाठवलेल्या बालकांपैकी बरीच पुन्हा त्याच वजनावर परत का येत होती?’ मग तुम्ही काय करून पाहिलं, कुठे अडलात, आणि त्या संस्थेतला कोणता विषय किंवा कोणते अध्यापक त्यात मदत करू शकतील, हे एका पानात. आकडे तुमच्या केंद्राचे असू द्या, आणि ते वापरण्याआधी वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या. रुग्णांची नावं कुठेही नकोत. लिहून झालं की पीएसएम विभागातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, आणि शिफारसपत्रही त्याच वेळी मागून ठेवा. शेवटच्या आठवड्यात सगळे एनएसएसच्या शिबिरावर किंवा विद्यापीठाच्या परीक्षेच्या ड्युटीवर गेलेले असतात.